गाळ खाली बसेपर्यंत

टेबलावरच्या ग्लासात, काचेच्या आतल्या बाजूला, बारीक बुडबुडे चिकटले होते. गार पाणी ओतून ते उबदार खोलीत बराच वेळ ठेवलं की त्यात विरघळलेली हवा अशी बाहेर येते आणि काचेला धरून बसते. म्हणजे ग्लास सकाळीच केव्हातरी भरून ठेवला असणार. वर झाकण नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याच्या पात्यांच्या कडांना काळी धूळ जमली होती. मी ग्लास एका बोटाने लांब सरकवला.

"पाणी घे ना," पहिल्या रांगेतून माझा नवरा म्हणाला. "घसा कोरडा पडेल तुझा."

"नको."

"ही अशीच," त्याने शेजारच्या बाईंना सांगितलं. "अख्ख्या शहराचं पाणी तपासते, पण स्वतः प्यायचं नाव नाही."

शेजारच्या बाई हसल्या. लग्न झाल्यापासून मी हे पाहते आहे. तो लोकांना हसवतो, हसता हसता लोक माझ्याकडे बघतात, आणि नेमकी त्याच वेळी मी हसत नसते.

कार्यक्रम पुस्तकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. 'वाचकांचे नेहमीचे प्रश्न, लेखिकेची मनमोकळी उत्तरं.' माझ्यामागे जांभळा पडदा लावला होता आणि त्यावर चंदेरी कागदाच्या चांदण्या चिकटवल्या होत्या. माझ्या पुस्तकांत चांदण्या असतात अशी प्रकाशकांची समजूत आहे. माझ्या पुस्तकांत दलदल असते, शेवाळ असतं, डास असतात आणि आभाळ बहुतेक वेळा ढगाळ असतं. पण प्रकाशक पुस्तकं छापतात. वाचायला त्यांना वेळ कुठला! पडद्याशेजारी कापडाने झाकलेली एक उभी चौकट होती आणि तिच्यात सातव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं. सातव्या पुस्तकाची एक ओळही मी लिहिलेली नव्हती.

मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ठिकठिकाणच्या नळांचं पाणी आमच्याकडे येतं. त्याचे थेंब आम्ही काचेच्या बशीतल्या पोषक थरावर पसरतो, बशा उबेच्या कपाटात ठेवतो आणि वाट पाहतो. पाण्यात जंतू असतील तर बशीत ठिपके उगवतात. इथे घाई चालत नाही. कपाट लवकर उघडलं तर बशी कोरी दिसते आणि घाण पाणी स्वच्छ ठरतं. त्या वाट पाहण्यात मी लिहायला लागले. पंख असलेला एक राजपुत्र आणि दलदलीची राणी. जादू, शाप आणि प्रेम. आमच्या खात्यात त्याला 'मॅडमच्या पऱ्या' म्हणतात. अशी सहा पुस्तकं झाली. ती कोण विकत घेतं याचं मला नेहमी नवल वाटायचं, आणि घेणाऱ्यांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं.

सहाव्या पुस्तकाच्या शेवटी मी राजपुत्राला मारलं.

वाचकांशी बोलायचं काम माझा नवरा करतो. त्याने नोकरी लवकर सोडली आणि हे अंगावर घेतलं. "तुला माणसांशी बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फोनवर तो माझ्या नावाने वाचकांना उत्तरं पाठवतो आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी लाल बदाम टाकतो. राजपुत्र मेल्यावर वाचकांनी रडारड केली, तेव्हा त्याने परस्पर कळवून टाकलं, 'रडू नका गं, माझा राजपुत्र सातव्या भागात परत येतोय!' मला हे कळलं ते आमच्या लेखा विभागातल्या मुलीकडून. तिने जिन्यातच मला मिठी मारली.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं.

"मग काय सांगायला हवं होतं? मेला, आता बसा बोंबलत?" तो म्हणाला. "जादूची गोष्ट आहे ना आपली? मग उठव की एखाद्या मंत्राने. तुला काय अवघड आहे?"

"बघू," मी म्हणाले.

दुसरंही एक 'बघू' माझ्याकडे साठलेलं होतं. शहराबाहेर, वर धरणावर आमच्या खात्याची छोटी प्रयोगशाळा आहे. एक ओटा, एक सूक्ष्मदर्शक, मागे राहायला दोन खोल्या आणि खिडकीसमोर सरळ पाणी. तिथल्या बाई निवृत्त होणार होत्या आणि साहेबांनी मला विचारलं होतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा टीव्हीचा आवाज कमी न करता तो म्हणाला, "तिथे काय ठेवलंय? पाणी!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. साहेबांना मी 'बघू' म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले. आता सोमवारी त्यांना उत्तर हवं होतं, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला पाठवणार होते.

प्रश्न विचारायला प्रकाशकांची भाची होती. तिने प्लास्टिकचे टोकदार कान लावले होते. माझ्या एकाही पुस्तकात टोकदार कानांचं कुणीही नाही. तिच्या हातात प्रश्नांची कार्डं होती आणि माझ्यासमोर उत्तरांची. उत्तरं नवऱ्याने लिहून दिली होती, मोठ्या अक्षरात, जिथे हसायचं तिथे कंसात 'हसणे' असं लिहून.

"ताई, सगळ्यांच्या मनातला पहिला प्रश्न!" भाची कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "एवढ्या भन्नाट कल्पना तुम्हाला सुचतात तरी कुठून?"

भाजी कुठून आणली असं विचारावं, तसं लोक हे विचारतात. पत्ता सांगितला की तेही जाऊन आणणार.

"स्वप्नांतून," मी कार्डावरून वाचलं. मला स्वप्नं पडलीच तर पाण्याच्या टाक्यांची पडतात.

टाळ्या पडल्या.

"राणी म्हणजे तुम्हीच का?"

"थोडी मी, थोडी तुम्ही सगळ्याजणी." टाळ्या. हे वाक्य मला चारचौघांत म्हणावं लागलं याची मला त्याच क्षणी शिसारी आली, पण टाळ्या इतक्या मनापासून होत्या की कार्ड उलटं ठेवण्यापलीकडे मी काही केलं नाही.

"आणि आता," भाचीने पहिल्या रांगेकडे बघून डोळे मिचकावले, "राजपुत्र! तो कुणावरून सुचला, ताई?"

"तो माझ्या घरातच राहतो आणि दिवसातून चारदा चहा मागतो."

नवरा उभा राहिला, लोकांकडे वळून वाकला आणि दोन्ही हात पसरून पंख हलवल्यासारखे केले. खोली हसण्याने भरून गेली. हे त्याने घरी आरशासमोर करून पाहिलेलं मी पाहिलं होतं.

खरं उत्तर असं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका उंच टाकीवर नमुना घ्यायला चढले होते. टाकीच्या झाकणाशेजारी घार मरून पडली होती. पाण्याजवळ मेलेलं काही ठेवता येत नाही, म्हणून मी ती उचलली. दोन्ही पंख पसरले तर माझ्या हातांच्या बाहेर जात होते, आणि वजन म्हणाल तर एखाद्या कोबीच्या गड्ड्याएवढं. एवढ्या मोठ्या गोष्टीत एवढं कमी वजन! हाडं पोकळ असतात हे मी शिकलेली होते, पण हातांना ते माहीत नव्हतं. मी बराच वेळ ती घेऊन उभी राहिले. खाली उतरले तेव्हा राजपुत्र माझ्या डोक्यात होता. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं.

आता श्रोत्यांचे प्रश्न. जाड चष्म्याचा एक तरुण उठला. "मॅडम, पंख असलेला माणूस झोपतो कसा?"

"पालथा," मी कार्ड न बघता म्हणाले. "दुसऱ्या पुस्तकात आहे."

"ते माहितेय हो. पण पाऊस असला की कुशीवर झोपतो, तिसऱ्या पुस्तकात. तेव्हा खालचा पंख अवघडत नाही का?"

"अवघडतो. म्हणून तर सकाळी तो चिडका असतो."

"हां!" तरुण शेजारच्याला कोपराने ढोसत म्हणाला. "सांगत नव्हतो तुला?"

त्याने काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तो पैज जिंकल्यासारखा खाली बसला. लोकांना उद्योग नसतात, असं मला वाटलं.

मग प्रकाशक स्वतः पुढे आले. त्यांनी घसा साफ केला, आनंदाचा क्षण वगैरे म्हणाले आणि माईक माझ्या नवऱ्याकडे दिला. तो यासाठी नवा शर्ट घालून आला होता.

"मित्रांनो," तो म्हणाला, "सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. तो परत येणार का? आमच्या बाईसाहेब तोंड उघडत नाहीत, म्हणून मीच फोडतो गुपित. तो परत येतोय! आपले तेच पांढरेशुभ्र पंख पसरून!"

प्रकाशकांनी कापड ओढलं. मुखपृष्ठावर एक गोरा, दाढी कोरलेला तरुण होता आणि त्याच्या पाठीला हंसासारखे भलेमोठे पांढरे पंख होते.

टाळ्यांसाठी नवरा थांबला. टाळ्या आल्या नाहीत.

"पंख?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पंख कुठले? जळले ना ते?"

"चौथ्या भागात! किल्ल्याच्या आगीत!"

"दोन पुस्तकं चालत हिंडतोय तो बिचारा."

"आणि पांढरे कधी होते? मातकट होते." ही पहिल्या रांगेतली, नवऱ्याच्या शेजारची बाई. मघाशी हसलेली तीच. "घारीसारखे. पहिल्याच पानावर आहे."

घारीसारखे. माझा हात टेबलावरच होता, तो मी मांडीवर घेतला.

"हो हो, म्हणजे आता नवीन फुटलेत," नवरा म्हणाला. "जादू आहे ना शेवटी!"

"काका, तुम्ही वाचलीत ना पुस्तकं?" चष्मेवाल्या तरुणाने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती.

"अरे, मी तर घरातच... माझ्यासमोरच लिहिते ती!"

दुसऱ्या पुस्तकाच्या मध्याला सिनेमाचं एक जुनं तिकीट आहे. इथवर वाचलं याची खूण म्हणून त्याने ते घातलं होतं. कपाट आवरताना दर वेळी ते मला त्याच पानात सापडतं आणि मी ते तसंच ठेवते. त्यामुळे त्याच्याबद्दल मला नवीन काही कळलं नाही. नवीन एवढंच की, ज्यांना मी आजवर बिनडोक समजत आले होते, ती या खोलीतली माणसंच तेवढी माझी वाचक होती. चांदण्या चिकटवणारे, कान लावणारी आणि बदाम पाठवणारा, यांच्यापैकी कुणीही नव्हतं. माझा तिरस्कार इतकी वर्षं चुकीच्या दिशेने वाहत होता. पाण्याच्या कामात ही चूक केली असती तर मला घरी बसवलं असतं.

दाराजवळच्या खुर्चीवरून एक बाई उठली. अंगावर सुरक्षारक्षकाचा गणवेश, टोपी हातात. कामावरून सरळ आली असावी.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

"माईकवर बोला काकू," भाची म्हणाली. प्रकाशक मुखपृष्ठावर पुन्हा कापड टाकायच्या खटपटीत होते.

काकूंनी माईक तोंडापासून लांब धरला. "सहाव्या पुस्तकात, शेवटी, तो तापाने पडलेला असतो. पाणी मागतो. राणी झऱ्यावर जाते. झऱ्याचं पाणी गढूळ येतं. मग ती भांडं दगडावर ठेवते आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबते. वरचं निवळ पाणी घेऊन जाते, तर तो गेलेला."

"हो," मी म्हणाले.

"सगळे म्हणतात, नशीब. माझी बहीण म्हणते, बिचारीला त्याला चांगलं पाणी पाजायचं होतं. पण ताई, तहानेने जीव चाललेल्या माणसाला गढूळ पाणीसुद्धा चालतं. दलदलीत वाढलेल्या बाईला एवढं कळत नाही होय?" तिने माईक जवळ घेतला. "मुद्दाम थांबली ना ती?"

नवरा मोठ्याने हसला. "काकू, प्रेमकथा आहे ही! खून नका पाडू!"

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच ते मी हसत नाही म्हणून नव्हतं.

ते प्रकरण मी उबेच्या कपाटासमोर बसून लिहिलं होतं. राणीने भांडं दगडावर ठेवलं, एवढं लिहून झाल्यावर मला कळलं होतं की ती आता उठणार नाही. मी ते उघड लिहिलं नाही. गाळ म्हणून खाली बसू दिलं आणि वरचं निवळ तेवढं छापायला पाठवलं. मला वाटलं होतं, तळापर्यंत कुणी बघणार नाही. मी स्वतःही बघत नव्हते.

"हो," मी म्हणाले. "मुद्दाम."

खोलीत कुजबुज पसरली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमालाने तोंड पुसलं आणि मान हलवली, जणू त्यांनाही शंका होतीच.

"मग ती त्याला परत कशाला बोलावेल?" गणवेशातल्या बाईंनी विचारलं. पुढचा थांबा कोणता, असं विचारावं तसं.

"नाही बोलावणार."

"मग सातव्या पुस्तकात काय करते ती?"

"एकटी राहते. पुढचं अजून मला माहीत नाही."

बाईंनी विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

भाचीने कॅमेरावाल्याला हाताने 'थांब' केलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. प्रकाशक दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, जाहिरात गेलीय. मुखपृष्ठ झालंय. तुम्ही दोघं बसून ठरवा आणि मला सांगा." आणि ते वाचकांना बिस्किटं द्यायला गेले.

"माझं नाक कापलंस," नवरा म्हणाला.

"मी पंखांबद्दल एक शब्द बोलले नाही."

"तेच ना! तू कधी बोलतेसच कुठे? आधी सांगायचं होतंस, जळलेत म्हणून."

"चौथ्या पुस्तकात सांगितलंय."

तो एका गठ्ठ्यावर बसला. नव्या शर्टाच्या कॉलरला टाचणी राहून गेली होती. ती त्याला टोचत असणार, पण त्याला सापडत नव्हती. मी ती काढली असती, इतकी वर्षं काढत आलेच होते. मी हात पुढे केला नाही.

"मला वाटायचं," तो गठ्ठ्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीकडे बघत म्हणाला, "चेष्टा सोड, पण खरंच वाटायचं, तू माझ्यावरूनच लिहितेस. थोडं तरी."

त्याने हे हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं. खोटं सांगणं सोपं होतं. कार्डावर उत्तर तयार होतं.

"टाकीवर एक घार मेली होती," मी म्हणाले. "तिच्यावरून."

"घार?"

"हो."

त्याने पुन्हा कॉलर चाचपली. मग नेहमीसारखा उठला आणि बाहेर जाऊन टेबलावरचा तो ग्लास घेऊन आला. काचेवरचे बुडबुडे आता सुटले होते. "घे, पाणी पी. डोकं तापलंय तुझं. घरी जाऊ, जेवू, सकाळी शांतपणे बघू. त्या बाईला काय, ती बोलून गेली. लोकांना मी सांभाळतो. दोन ओळी टाकतो आजच, की ताई गंमत करत होत्या."

बघू. माझा शब्द त्याच्या तोंडात अगदी व्यवस्थित बसला होता.

मी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. तळाशी पंख्याची धूळ बसली होती, बारीक काळी. वरचं पाणी निवळ दिसत होतं. अशा पाण्याने कुणी मरत नाही. अशा पाण्यावर माणूस आयुष्य काढतो. मी ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"चल ना," तो दार धरून म्हणाला.

"तू जा," मी म्हणाले. "धरणावरची जागा मी घेतेय. एकटी राहणार आहे तिथे. परत येणार नाही."